शिवी कुणाकडे तोंड करून दिली?

पत्र

मी ४७ वर्षांची आहे. माहेर लोणंद, सासर सातारा. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या आठवड्यात थोरल्या भाऊजींनी तिच्या इन्स्टाग्राम स्टोरीचा स्क्रीनशॉट आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पुण्याला पाठवलं त्याचं फळ. बघा संस्कार.’ स्टोरीत तिने सबमिशनच्या फाईलचा फोटो टाकून लिहिलंय, ‘संपलं एकदाचं भेंडी!! आयला झोपू दे आता.’ आणि एका मैत्रिणीला, ‘ए च*, पार्टी कधी?’ ग्रुपवर ३१ माणसं आहेत, सासूबाई धरून. मला धड झोप नाही. ह्यांचं म्हणणं, अकाउंटच बंद करायला लाव. मुलगी म्हणते, ‘सगळे असंच बोलतात गं आई, तुला नाही कळणार.’ भाऊजी स्वतः ग्रुपवर पुढाऱ्यांच्या बायकांवरचे घाण विनोद पाठवतात, त्याला कुणी काही म्हणत नाही. मुलगी वाया चाललीय का? भाऊजींना काय उत्तर देऊ? स्क्रीनशॉट सोबत जोडते.

ता. क. : मागे आमच्या भागातल्या एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या, त्या बातमीखाली मी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या. एका अनोळखी माणसाने त्याखाली माझ्याबद्दल जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी कुठेच काही लिहीत नाही. याचा वरच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण लिहावंसं वाटलं.

— एक आई, सातारा

उत्तर

ताई,

संबंध आहे. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकलीत. दवाखान्यात आपण असंच करतो. गुडघ्याचं अर्धा तास सांगायचं आणि उठता उठता म्हणायचं, ‘छातीत जरा दुखतं हो.’ पण झोप मुलीवरून उडालीय, तर आधी मुलीचं बघू.

तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडा. वरच्या बाजूला एक हिरवा तारा आहे, दिसला? इन्स्टाग्रामवर ‘क्लोज फ्रेंड्स’ अशी सोय असते. आपण निवडलेल्या मोजक्या माणसांनाच ती स्टोरी दिसते आणि २४ तासांनी नाहीशी होते. म्हणजे तुमच्या लेकीने हे चव्हाट्यावर लिहिलेलं नाही, खोलीचं दार लावून मैत्रिणींशी बोलली ती. ज्यांना तिने विश्वासाने आत घेतलं होतं त्यांतल्या कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत भाऊजींपर्यंत आला आणि भाऊजींनी तो ३१ जणांसमोर टांगला. चव्हाटा त्यांनी आणला. हे मी त्यांच्यावर उलटवायला सांगत नाही. शिवीचा हिशेबच इथून सुरू होतो, म्हणून सांगते. शब्द तोच राहतो, पण ऐकणारा बदलला की त्याचं काम बदलतं. शिवी कोणती दिली हे सगळे विचारतात. मी आधी विचारते, कुणाकडे तोंड करून दिली?

आता तिचे शब्द एकेक करून बघू. ‘भेंडी’ तर भाजीच. मूळ शिवी बहिणीवरची. पोरांनी तिचं पहिलं अक्षर धरून तिला मंडईत नेऊन बसवलं, म्हणजे आजीसमोर तोंडातून निसटली तरी निभावून नेता येतं. ‘आयला’चं तेच. ‘त्याच्या आयला’ म्हणताना पुढचं क्रियापद कधीच गळून पडलं, मग पुढून ‘त्या’ही गेला आणि उरलं ‘च्यायला’. बस चुकली की च्यायला, सेंच्युरी झाली की च्यायला, वीज गेली की च्यायला आणि आली की आयला! यात कुणाचीही आई कुणाच्याही डोळ्यांसमोर नसते. तुमच्या सासऱ्यांच्या तोंडी हा शब्द कधीच आला नाही असं म्हणालात तर मी मानेन, पण अवघडच जाईल.

तळकोकणातला ‘आयचो घो’ घ्या. घो म्हणजे नवरा. शब्दशः पाहिलं तर आईचा नवरा, म्हणजे आपला बापच की! तिकडे नारळ डोक्याजवळून पडला तरी हेच म्हणतात. पण २०१० साली ‘शिक्षणाच्या आयचा घो’ हे चित्रपटाचं नाव म्हणून सगळ्या महाराष्ट्रात लागलं, तेव्हा काही संघटनांनी तो आईचा अपमान आहे म्हणून आक्षेप घेतला. खाली समुद्राकाठी जो नुसता उद्गार होता, तो घाट चढून वर आला आणि शिवी झाला. सोशल मीडियावर हा घाट रोज शंभर वेळा चढला जातो. तुमच्या लेकीचा शब्द असाच हॉस्टेलच्या खोलीतून निघून सासूबाईंच्या फोनवर आला.

अशी उद्गारवाची शिवी कुणालाच उद्देशून नसते. ती वाफ असते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं, एकदा शिवी पुटपुटत आणि एकदा साधा शब्द म्हणत. शिवी देणाऱ्यांचा हात पाण्यात जास्त वेळ टिकला. तुमच्या लेकीने जागून सबमिशन पूर्ण केलं, तिचा ‘भेंडी!!’ मला तरी गार पाण्यातून बाहेर काढलेल्या हातासारखा वाटला. मात्र याच माणसाने पुढे आणखी एक गोष्ट शोधली, ती लेकीला जरूर सांगा. जे दिवसभर येताजाता शिव्या देतात, त्यांना या उपायाचा गुण फारसा येत नाही. रोज खाल्लेल्या गोळीसारखंच ते.

तिचं ‘सगळे असंच बोलतात’ हेही पूर्ण खरं नाही. ५ कोटींहून जास्त इंग्रजी ट्वीट तपासलेला एक अभ्यास २०१४ साली आला होता. त्यात साधारण तेरा ट्वीटमागे एकात शिवी सापडली. म्हणजे बाराजण शिवीशिवायच बोलत होते. आपल्याला ऐकू येतो तो तेरावा, एवढंच.

तिसरा शब्द तिने मैत्रिणीला वापरला, ज्यातली पुढची अक्षरं तुम्ही फुलीखाली झाकलीत आणि मीही झाकूनच ठेवते. (हे फुल्यांचं मला नेहमी नवल वाटतं. वाचणारा मनात पूर्णच वाचतो, लिहिणाऱ्याची फक्त सोय होते.) याचं काम आणखी वेगळं. माझी आजी मालवणकडची. नातू मुंबईहून आला की ओटीवरूनच ओरडायची, ‘इलंस रे मेल्या?’ आम्हा सगळ्यांना ती मेल्या, मुडद्या, भवाने असंच हाक मारायची. एका चुलतभावाचं लग्न झालं आणि नव्या नवरीला ती ‘या, बसा’ म्हणाली. बिचारी खूश झाली. आम्हाला मात्र कळलं की ही अजून पाहुणी आहे. दोनेक वर्षांनी तिला पहिल्यांदा ‘सटवे’ अशी हाक आली, तेव्हा ती घरची झाली. तुमच्या लेकीच्या हॉस्टेलमध्ये हाच कारभार चालतो. ‘अहो कुलकर्णी’ म्हणण्याइतकं अंतर उरलं नाही, हे सांगायची त्यांची रीत ती. खूण अशी की उत्तरात समोरची तोच शब्द परत देते आणि पुढे हसण्याची चार चित्रं टाकते. समोरून उत्तर आलं नाही, किंवा नुसतं ‘ओके’ आलं, तर मात्र कुणाला तरी लागलेलं असतं. लेकीला हे ओळखता यायला हवं.

आणि ताई, तुम्ही लोणंदच्या. म्हणजे बोरीचा बार मी तुम्हाला सांगायचा म्हणजे काय! तरी इतर वाचकांसाठी सांगते. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधून ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. जत्रा भरते, पोलीस बंदोबस्त असतो, आणि बार संपला की बायका घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. कुणी कुणावर खटला भरत नाही. शिमग्याची बोंब तशीच. पुरणाच्या पोळीशी यमक जुळणारी ती ओळ तुम्हालाही पाठ असणार. आपल्या माणसांनी शिवीला दिवस नेमून दिला, काठ नेमून दिला, मधे ओढा ठेवला. इन्स्टाग्रामची अडचण तिथे शिव्या असतात ही नाहीच. तिथला ओढा कोरडा असतो आणि कुणीही चालत या काठावर येतं.

एवढं सगळं सांगितलं म्हणून मी लेकीच्या बाजूने पूर्ण निकाल दिला असं समजू नका. एक गोष्ट मला खटकते, आणि ती जुनी आहे. परळला शिलाहार राजा अपरादित्याचा एक शिलालेख सापडला, शके ११०८चा, म्हणजे सव्वाआठशे वर्षांहून जुना. जमिनीच्या दानाचा मजकूर संस्कृतात आहे. पण शेवटी, हे दान जो मोडेल त्याला दम द्यायचा आला तेव्हा लिहिणारा मराठीत उतरला. दम काय, तर त्याच्या आईचं गाढवाशी काय व्हावं ते. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात, कोकणात ते आजही शेताच्या बांधावर उभे असलेले दिसतात आणि बऱ्याचदा न वाचता येणाऱ्यांसाठी त्यावर चित्रही कोरलेलं असतं. दान मोडणार पुरुष, दम देणार पुरुष आणि भोगणार ती बाई, जिचा त्या जमिनीशी काही संबंध नाही. मराठीची ही इतकी जुनी सरकारी शिवी आहे आणि तिच्यात आजही फरक पडलेला नाही. दोन मुलगे गेमवरून भांडतात आणि दोघांच्या आया-बहिणी निघतात.

‘भेंडी’ म्हणताना बहीण आठवत नाही हे खरं. पण शब्द गुळगुळीत झाला म्हणून तो आला कुठून हे पुसलं जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. मी बातमी वाचून आधी हसले. मग लक्षात आलं की त्यांनी सरसकट शिव्या बंद केल्या नव्हत्या, नेमकी ती बाई सोडवायला घेतली होती. लेकीशी बोलायचं असेल तर या मुद्द्यावर बोला. ‘घाणेरडं बोलू नकोस’ म्हणालात तर ती ‘हो’ म्हणून फोनमध्ये डोकं घालेल. ‘तुझ्या शिवीत बाईच का असते गं?’ असं विचारलंत तर वाद घालेल. वाद घातलेला बरा.

आता भाऊजी. मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांच्या फॉरवर्डमध्ये बहुधा एकही ‘वाईट’ शब्द नसेल. घाण विनोदाला वाईट शब्द लागतच नाही. पुढाऱ्याशी मतभेद आहेत, पण बोलायचं त्याच्या बायकोबद्दल, म्हणजे परळच्या दगडाचीच प्रत. अशा पोस्टचं काम आणखी निराळं : ती त्या पुढाऱ्यासाठी नसते, तो कुठे तुमच्या ग्रुपवर आहे? ‘आपण सगळे एका बाजूचे’ हे एकमेकांना दाखवण्यासाठी असते. जो हसला तो आपला, जो गप्प राहिला त्याच्यावर लक्ष ठेवायचं. बातम्यांच्या पानांखाली शेकडो माणसं जी एकसुरात शिव्या घालत असतात, त्यांतल्या बहुतेकांचं तोंड ज्याला शिवी दिली त्याच्याकडे नसतं, शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसाकडे असतं.

आणि आता ताजा कलम.

पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाने २०२२ साली २५ हजार मराठी ट्वीट गोळा करून, यंत्राला मराठी कळावं म्हणून, त्यांचे चार गठ्ठे केले : द्वेषाची, अपमान करणारी, नुसती शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेली. शिवराळ वेगळं आणि द्वेषाचं वेगळं, हे यंत्राला शिकवायला हजारो ट्वीट हाताने वेगळी करावी लागली. आपल्या घरांतून मात्र उलटं चालतं. ‘च्यायला’वर कान पिरगाळतो आणि शुद्ध, सानुनासिक मराठीत कुणाच्या जातीचा, रंगाचा, चारित्र्याचा उद्धार झाला तर ‘काय लिहिलंय!’ म्हणून पुढे पाठवतो.

तुम्ही एसटीबद्दल लिहिलंत. तुमच्या जागी एखादा बाप्या असता तर त्याला फार तर बिनडोक किंवा अमुक पक्षाचा चमचा म्हटलं असतं. तुम्ही बाई आहात, म्हणून उत्तर तुमच्या शरीराबद्दल आलं. त्या माणसाला एसटीशी घेणं नव्हतं आणि तुमच्याशीही नव्हतं. ही हाकलणारी शिवी. तिचं काम एकच, बाईने इथे पुन्हा लिहू नये. आणि ती तुमच्या एकटीसाठी नसते. त्याखाली बाकीच्या ज्या बायका वाचत होत्या, त्यांनीही आपली अर्धी लिहिलेली ओळ खोडली असेल. तुम्ही लिहिणं थांबवलंत, म्हणजे तिचं काम झालं. लेकीच्या स्टोरीने कुणाचंही तोंड बंद झालं नाही. या एका कमेंटने तुमचं झालं. मला विचाराल तर तुमच्या घरात सोशल मीडियावरची शिवी एकदाच लागली, ती तुम्हाला, आणि त्याबद्दल ग्रुपवर एक शब्द नाही, कारण तुम्ही कुणाला सांगितलंच नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. कॉलेजातल्या पोरांच्या शिवराळ बोलण्यावरून ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेवर खटला झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिवराळ म्हणजे आपोआप अश्लील नव्हे. त्यामुळे ‘पोलीस धरतील’ अशी भीती लेकीला घालू नका. बाईच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द वापरणं मात्र गुन्हा आहे : पूर्वीचं कलम ५०९, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, तीन वर्षांपर्यंत कैद. आम्ही तर लिहिलं, ‘उच्चारलं’ कुठे, अशी पळवाट एका खटल्यात काढून पाहिली गेली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती मानली नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, हे लेकीलाही सांगा आणि भाऊजींनाही. ग्रुपचे ॲडमिन घाबरले असतील तर त्यांच्यासाठी : गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्याने एका बाईला गलिच्छ शिव्या दिल्या, तिने ॲडमिनवरही तक्रार केली. २०२१ साली नागपूर खंडपीठाने ठरवलं की दोघांनी मिळून ठरवून केलेलं नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन गुन्हेगार होत नाही. ज्याच्या हाताने टाईप झालं, त्याचं ते.

तर काय करायचं?

अकाउंट बंद करायला लावू नका. ती बंद करेल, दुसऱ्या नावाने उघडेल आणि त्या यादीत तुम्ही कधीच नसाल. भाऊजींना ग्रुपवर उत्तर द्या, फोनवर नको. ग्रुपवर झालेलं ग्रुपवरच निस्तरावं. एवढंच लिहा : ‘भाऊजी, ती स्टोरी तिने मोजक्या मैत्रिणींसाठी टाकली होती. तिच्याशी मी बोलेन. तिचा स्क्रीनशॉट आता कुणीही पुढे पाठवू नये ही विनंती.’ ‘काढून टाका’ म्हणू नका. आठवडा झाला, ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदत दोन-अडीच दिवसांतच संपते, त्यांना इच्छा असली तरी जमायचं नाही. त्यांच्या विनोदांबद्दल याच निरोपात काही लिहू नका, फार मोह झाला तरी. पुढचा विनोद आला की त्याखाली नुसतं विचारा, ‘यात तिचा काय दोष?’ संस्कारांचं कुणी काढलंच, तर सासूबाईंना विचारा त्यांच्या लहानपणी शिमग्याला काय काय ओरडायचे. मला खात्री आहे, त्यांना सगळं आठवत असेल.

फोटो कुणी पाठवला याचा शोध तुम्ही घेऊ नका. लेक घेईल. ती तुमच्यापेक्षा लवकर शोधेल आणि तिची यादी आपोआप एका नावाने कमी होईल.

आणि तिला ताजा कलम सांगा. उपदेश म्हणून नव्हे, अडचण म्हणून. येत्या रविवारी ती घरी आली की ती बातमी शोधून फोन तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘हे बघ, मला असं लिहिलंय. याचं काय करायचं असतं?’ आधी तारीख, वेळ आणि त्या माणसाच्या खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा, लिंक जपून ठेवायची, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. पुढे जायचं ठरवलंत तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तिला हे सगळं येतं, एका मिनिटात करून देईल. जायचं की नाही ते मात्र तुम्ही ठरवा, तिच्यावर किंवा ह्यांच्यावर सोडू नका. आणि त्या एसटीच्या फेऱ्या अजून सुरू झाल्या नसतील तर त्याच बातमीखाली पुन्हा दोन ओळी लिहा, ती शेजारी बसलेली असताना.

ती कमेंट वाचून तिच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल, हे मला साधारण माहीत आहे. तेव्हा टोकू नका.

— तुमची ताई